धावण्याचे नवे बूट सैल होतात का?

प्रश्न : जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी मी पावसाळ्यापासून तयारी करीत आहे. रोजचा सराव गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर आणि रविवारची लांब धाव गंगापूर रस्त्याने धरणाच्या दिशेने, असा क्रम आहे. जुने बूट झिजल्यामुळे, शर्यत पाच आठवड्यांवर आलेली असताना नवे घेतले. ते बोटांपाशी दाबतात आणि टाचेला चावतात. दुकानदार म्हणाले, वापराने सैल होतील; सासूबाईंनी आतून खोबरेल तेल लावायला सांगितले आहे. नेमके काय करावे?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : सासूबाईंचा सल्ला कोल्हापुरी चपलेसाठी अगदी योग्य आहे, कारण कातडे तेल पिते, मऊ होते आणि हळूहळू पायाचा आकार घेते. आपल्या बुटांचा वरचा भाग मात्र कृत्रिम धाग्यांच्या जाळीचा असतो. तो ताणला गेलाच तर किंचित, आणि तेलाने त्यात धूळ तेवढी बसेल. दुकानदारांचे म्हणणे म्हणूनच अर्धेच खरे मानावे.

आपल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या आहेत. बोटे दाबली जाणे हा मापाचा दोष असून तो वापराने जाणार नाही. लांब धावताना पाय सुजतात, त्यामुळे उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोट (पुष्कळांचे ते अंगठ्याशेजारचे असते) आणि बुटाचे टोक यांमध्ये अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. धावण्याचेच मोजे घालून संध्याकाळी हे तपासावे आणि जागा नसेल तर बूट रस्त्यावर न वापरता बदलून घ्यावेत.

टाचेचे चावणे मात्र बहुधा नाडीने सुटते. घोट्यापाशी अगदी वर एक जादा छिद्र असते, जे बहुतेक जण रिकामे सोडतात. नाडीचे प्रत्येक टोक त्याच बाजूच्या या छिद्रातून आत घालून बाहेर छोटी कडी राहू द्यावी, मग दोन्ही टोके समोरासमोरच्या कड्यांतून ओवून ओढावीत आणि गाठ मारावी. टाच जागेवर धरली जाते आणि पंजा मोकळा राहतो. मोजे सुती नसावेत, कारण ओले सूत त्वचेवर घासते आणि फोड येतात.

माप जमले की रुळवायचे असते ते बुटांपेक्षा पायांना. नव्या बुटाची टाच पंजापेक्षा किती उंच आहे हे दुकानात विचारून घ्यावे. जुन्यात हा फरक दहा मिलिमीटर आणि नव्यात चार असेल, तर पोटऱ्यांवर आणि टाचेमागच्या शिरेवर एकदम जास्त ताण येतो. आधी दोन-तीन दिवस घरात फरशीवर वावरावे, मग चार-पाच किलोमीटरची सावकाश धाव, आणि एक दिवस नवे तर एक दिवस जुने असा पाळीपाळीने वापर करावा. शेवटची सर्वांत लांब धाव सहसा शर्यतीच्या तीन आठवडे आधी होते आणि पुढे अंतर कमीच करत न्यायचे असते; म्हणजे आपल्या हाती दोनच रविवार आहेत. पहिल्या रविवारी मध्यम अंतर, दुसऱ्या रविवारी लांब धाव नव्या बुटांत करावी. त्यात काही बोचले, तर ४२.१९५ किलोमीटर जुन्याच बुटांत धावणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला १९६० साली रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकले, कारण अनवाणी सराव त्यांच्या तळव्यांना होता.

प्रश्न : पांडवलेणीच्या पायऱ्या उतरून आल्यावर अंगठ्याचे नख काळे पडले. बूट बदलावेत का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : लगेच नको. उतारावर पाय पुढे घसरून नख बुटाच्या टोकावर आदळते आणि त्याखाली रक्त साकळते. नखे सरळ व आखूड कापावीत, नाडी वर सांगितल्याप्रमाणे बांधावी. तरीही लागत असेल तर अर्धा नंबर मोठा बूट घ्यावा. काळे नख उपटू नये, नवे नख वाढले की ते आपोआप सुटते. ठणका फार असेल किंवा आपल्याला मधुमेह असेल, तर मात्र पाय डॉक्टरांना दाखवावा.