चार आण्यांची पावती

प्रश्न : आजोबांच्या पेटीत काँग्रेसच्या चार आणे वर्गणीची पावती सापडली. एवढ्या मोठ्या पक्षाची वर्गणी इतकी थोडी का होती?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : या वर्गणीचे मूळ आपल्याच विदर्भात आहे. १८८५ साली मुंबईत स्थापन झालेली काँग्रेस प्रारंभी मुख्यतः वकील, संपादक अशा सुशिक्षितांची वार्षिक सभा होती. १८९७ चे अमरावती अधिवेशनही त्याच वळणाचे. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला मात्र जी नवी घटना मंजूर झाली, तिने न्याय्य व शांततामय मार्गांनी स्वराज्य हे ध्येय ठरवले आणि ते मान्य असलेल्या प्रौढाला वर्षाला चार आणे भरून सभासद होण्याची मुभा दिली, ज्यामुळे खेड्यातल्या कास्तकारालाही पक्षाचे दार उघडले. (मजुराला तेव्हा चार आणेही जड जात, हे विसरू नये.) प्रांतिक समित्या भाषेनुसार आखल्या गेल्या, तरी वऱ्हाड आणि नागपूरकडील मराठी मध्य प्रांत, भाषा एकच असूनही, वेगळेच राहिले, मला ही बाब विशेष लक्षणीय वाटते. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात पैशांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत मागण्यात आले, पण ती अट पुढच्याच वर्षी सैल करावी लागली. पावतीवरील साल अवश्य तपासावे.