माणसे थोडी, कामे भरपूर

प्रश्न : मी प्रथम वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात जेमतेम ४०० विद्यार्थी आहेत. शाळेतील माझ्या मैत्रिणी मोठ्या विद्यापीठांत गेल्या असून तिथे शेकडो विद्यार्थी मंडळे असल्याचे त्या सांगतात. आमच्याकडे मोजून सहा मंडळे आहेत आणि प्रत्येक कार्यक्रमात तेच १५-२० चेहरे दिसतात. मी स्वभावाने अबोल आहे. चुकीच्या ठिकाणी प्रवेश घेतला का, अशी शंका सारखी मनात येते.

उत्तर : तुमची मोजणी बरोबर आहे, पण ती अर्धीच झाली आहे. मंडळे किती हे तुम्ही मोजले; त्यांतील कामे किती आणि ती वाटून घ्यायला माणसे किती, हे मोजायचे राहिले. नाटक बसवायचे म्हटले की महाविद्यालय ४०० विद्यार्थ्यांचे असो वा ४०,००० चे, दिग्दर्शक, नट, प्रकाशयोजना सांभाळणारा, पडदा ओढणारा आणि ऐनवेळी हरवलेली वस्तू शोधून आणणारा एवढी माणसे लागतातच. मोठ्या ठिकाणी या जागांसाठी निवडचाचणी होते आणि उरलेले प्रेक्षागृहात बसतात. लहान ठिकाणी मात्र प्रेक्षकांतूनच कोणाला तरी उठवून आणावे लागते.

रॉजर बार्कर आणि पॉल गम्प या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच मोजले होते. तो कॅन्सस राज्यातील माध्यमिक शाळांचा अभ्यास होता, महाविद्यालयांचा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पण त्यातील गणित तुमच्या प्रश्नालाही लागू पडते. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक होते, परंतु विद्यार्थी त्याहून कितीतरी पटींनी अधिक होते. परिणामी लहान शाळांत दर विद्यार्थ्यामागे जबाबदारीच्या सरासरी ३.५ जागा आल्या, तर मोठ्या शाळेत ०.५. पुढे एडविन विलेम्स यांनी १९६७ मध्ये दाखवलेली गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. अभ्यासात मागे असणाऱ्या, सहसा कडेला राहणाऱ्या मुलांनाही लहान शाळेत ‘आपण गेलो नाही तर काम अडेल’ असे इतरांइतकेच वाटत होते. मोठ्या शाळेत अशा मुलांना ते जवळजवळ वाटतच नव्हते. तुमच्यासारख्या अबोल विद्यार्थिनीने लहान महाविद्यालयाकडे या बाजूने पाहावे.

आता कोणते काम घ्यावे? वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या कार्यक्रमापेक्षा दर आठवड्याला भेटणारे लहान मंडळ घ्या, आणि त्यात हात गुंतलेले राहतील असे काम मागून घ्या : ध्वनिव्यवस्था, बैठकीचे इतिवृत्त, जमाखर्चाची वही. ज्याच्या हातात काम असते त्याला बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. मात्र मैत्री लगेच जमेल अशी अपेक्षा ठेवू नका. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार, ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तासांचा सहवास लागतो आणि घनिष्ठ मैत्रीला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास धरले तर १५ आठवड्यांच्या सत्रात ३०च तास होतात. शिवाय निव्वळ एकत्र काम करण्यात गेलेले तास फावल्या वेळातील तासांइतके मैत्रीला उपयोगी पडत नाहीत, असेही त्यांना आढळले. म्हणून बैठक संपल्यावर पिशवी उचलून लगेच निघू नका. खुर्च्या आवरताना रेंगाळून मारलेल्या गप्पांचा अर्धा तास अधिक मोलाचा असतो.

शिक्षकांनाही या हिशेबातून वगळू नका. विद्यार्थ्यांच्या सहभागाचा सिद्धान्त १९८४ मध्ये मांडणारे अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांच्या मते, शिक्षकांशी वारंवार येणारा संबंध हा विद्यार्थ्याच्या समाधानाशी इतर कोणत्याही सहभागापेक्षा अधिक निगडित असतो. लहान महाविद्यालयात प्राध्यापकांना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच तुमचे नाव ठाऊक होते. (तासाला दांडी मारली की तीही तितक्याच लवकर ठाऊक होते, ही त्याची दुसरी बाजू.)

प्रश्न : मी तृतीय वर्षात असून तीन मंडळांचा कार्यवाह आहे. दुसरे कोणी पुढे येत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. गेल्या सत्रात माझे गुण बरेच घसरले. काय करावे?

उत्तर : वरच्या उत्तरात ज्या गुणाची मी एवढी वाखाणणी केली, त्याचीच किंमत तुम्ही मोजत आहात. माणसे कमी असली की काम होतकरू माणसाच्या गळ्यात पडते, आणि एकदा पडले की तिथेच राहते. सहभाग एका मर्यादेपलीकडे वाढवला की त्याचा लाभ थांबतो, उलट तोटाही होऊ शकतो, ही शक्यता अ‍ॅस्टिन यांनीही ध्यानात घेतली होती. तीनपैकी एक मंडळ ठेवा. उरलेल्या दोहोंसाठी ‘कोणी कार्यवाह होणार का?’ असे सर्वांना विचारू नका, कारण सर्वांना विचारलेला प्रश्न कोणालाच विचारलेला नसतो. द्वितीय वर्षातील एकाच विद्यार्थ्याला गाठून तारीख ठरलेला एक कार्यक्रम पूर्णपणे सोपवा आणि त्याच्या हातून चूक होताना दिसली तरी, नुकसान मोठे नसेल तर, मध्ये पडू नका. सोबत एक वही द्या : सभागृहाची परवानगी कोणाकडे व किती दिवस आधी मागायची, खर्च किती झाला, गेल्या वेळी काय फसले. इतके करूनही कोणी आलेच नाही, तर ते मंडळ वर्षभर बंद राहू द्या. ज्याची गरज कोणालाच वाटत नाही असे मंडळ केवळ तुमच्या जिवावर चालू ठेवण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मंडळाच्या अध्यक्षाशी भांडण होऊन मी बाहेर पडले. आता तो वर्गात, ग्रंथालयात, वसतिगृहाच्या आवारात, सगळीकडे समोर येतो.

उत्तर : मोठ्या विद्यापीठात टाळणे हाही एक उपाय ठरतो, तुमच्याकडे तो नाही. पुन्हा मैत्री करायलाच हवी असे नाही, परंतु कामापुरते बोलता येईल इतकी वाट मोकळी ठेवा. कोणाला मध्यस्थ न घालता स्वतः जाऊन, जुने भांडण न उगाळता, तुमच्याकडे राहिलेले मंडळाचे कागद आणि किल्ली परत द्या.