सैन्यभरतीला निघालेल्या कोकणातल्या पोरांनो, वाळूवर किती धावायचं?

ओहोटीच्या ओल्या वाळूवर रोज धावतोस हे छानच, दम आणि पोटऱ्या दोन्ही तयार होतात. पण सैन्यभरतीतलं 1600 मीटर धावणं कडक जमिनीवर असतं. पाय वाळूला सवयीचे झाले की तिथे नडगी भरून येते. म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, किंवा शाळेच्या मैदानावर घड्याळ लावून पळ. साडेपाच मिनिटांच्या आत आलास तर पूर्ण 60 गुण. 10 पुलअप्सचे 40. हनुवटी दांडीच्या वर गेली नाही तर तो मोजत नाहीत, घरीही मोजू नकोस. लेखी परीक्षा आता धावण्याच्या चाचणीआधी होते, तेव्हा गणिताकडे दुर्लक्ष नको.

निवड होऊन बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात गेलास, तर ड्रिलचे बूट पहिले काही दिवस पाय सोलतील. मोजे रोज धुऊन पूर्ण सुकवायचे, फोड फोडायचा नाही, दुखलं तर उस्तादांना, म्हणजे प्रशिक्षकांना, लगेच सांगायचं. लपवणारी पोरंच मागे पडतात.

कबड्डी खेळतोस ना? मग कंपनीच्या, म्हणजे तुझ्या लष्करी तुकडीच्या, स्पर्धांत नाव दे. संघात खेळलं की अनोळखी मुलुखातली माणसं लवकर आपली होतात.

आणि जाण्याआधी माणगावला जाऊन ये. तहसील कचेरीजवळ नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. आपल्याच रायगडातले, पळसगावचे, आणि याच मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसऱ्या महायुद्धात, 10 जुलै 1944 ला इटलीत सगळे साथीदार पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण दिले. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मरणोत्तर मिळाला. तेव्हा वय फक्त 22. जमलं तर धाकट्या भावालाही सोबत ने.