आजींना घेऊन चित्रनगरीत

प्रश्न : आम्ही परभणीला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादची रामोजी फिल्म सिटी पाहायचे ठरते आहे. आम्ही दोघे, १३ वर्षांची मुलगी, ६ वर्षांचा मुलगा आणि ७२ वर्षांच्या सासूबाई असे पाच जण. सासूबाईंना मधुमेह आहे आणि गुडघेही दुखतात. दिवसभर चालणे त्यांना झेपणार नाही, तेव्हा त्यांना घरीच ठेवा, असे नातेवाईक सांगतात. त्यांची मात्र यायची फार इच्छा आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, परभणी

उत्तर : सासूबाईंना अवश्य न्या. त्यांची इच्छा आहे, हे आपण स्वतःच लिहिले आहे आणि माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे. फक्त सहलीचा वेग मुलांच्या नव्हे, तर त्यांच्या पावलांनी ठरवावा लागेल.

नातेवाइकांची काळजी अगदीच अनाठायी नाही. 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाचे संस्थापक रामोजी राव यांनी १९९६ मध्ये उभारलेली ही चित्रनगरी दीड हजारांहून अधिक एकरांवर पसरलेली असून, जगातील सर्वांत मोठे चित्रपट-निर्मिती संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. पण या विस्तारामुळेच तिथे सगळे पायी पाहावे लागत नाही. तिकीट काढल्यानंतर बसने आत नेले जाते, पुढे उघड्या बाजूंच्या लाल बसमधून चित्रीकरणाचे रस्ते, राजवाडे आणि बागा दाखवल्या जातात, बरोबरचा मार्गदर्शक माहिती सांगत असतो. साहसदृश्यांचे आणि नृत्याचे कार्यक्रम तर प्रेक्षागृहात बसूनच पाहायचे असतात. चालणे होते ते मुख्यतः बागांमध्ये, पक्ष्यांच्या आणि फुलपाखरांच्या उद्यानात आणि एका कार्यक्रमाहून दुसऱ्याकडे जाताना.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन तिथे गेलो होतो. सकाळच्या उत्साहात आम्ही आधी बागाच बागा फिरलो. दुपारी दोनच्या सुमारास आई एका बाकावर बसली, चप्पल काढून तिने पाय चोळले आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी इथेच बसते." ज्या कार्यक्रमांत तिला सर्वाधिक गोडी वाटली असती, ते दुपारनंतरचे होते आणि ते तिने पाहिलेच नाहीत. परतीच्या गाडीत ती एक शब्दही बोलली नाही, याची खंत मला आजही आहे. म्हणून आपण उलटा क्रम धरा. आत शिरताच त्या दिवसाच्या कार्यक्रमांच्या वेळा लिहून घ्या, बसून पाहण्याच्या गोष्टी आधी ठरवा आणि बागा उरलेल्या वेळात, तेही दोघांनी आळीपाळीने मुलांना नेऊन दाखवा. म्हणजे एक जण सासूबाईंजवळ राहील आणि त्यांनाही आपण कोणाचा खोळंबा करतो आहोत असे वाटणार नाही.

प्रवासाविषयी एक नियम सांगतो, जो अनेकांना ठाऊक नसतो. रेल्वेत ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळतो, पण एका तिकिटावर एकच किंवा या निकषात बसणाऱ्या दोनच व्यक्ती असतील तेव्हा. पाचही जणांचे एकत्र तिकीट काढल्यास सासूबाईंना या कोट्याचा लाभ मिळणार नाही. त्यांचे तिकीट वेगळे काढा आणि बाकीच्यांचे लगेच त्यापाठोपाठ. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते, तेव्हा तो पाहूनच पुढचे तिकीट काढावे. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि दिवाळीत परभणी-नांदेडवरून निजामाबादमार्गे सिकंदराबादला जाणाऱ्या देवगिरीसारख्या गाड्या लवकर भरतात.

गाडीतून उतरून थेट चित्रनगरीकडे निघू नका. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, विजयवाड्याच्या महामार्गावर, हैदराबादपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. पोहोचण्याचा दिवस विश्रांतीचा ठेवा, शक्यतो एल. बी. नगर किंवा हयातनगर भागात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडण्याच्या वेळेला तिथे असा. चारमिनार, गोवळकोंडा त्याच दिवसात कोंबण्याचा मोह टाळा. आपल्याकडच्या जुन्या पिढीला हैदराबादची ओढ असते, ते स्वाभाविकच आहे, कारण १९४८ पर्यंत परभणीसह सारा मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता आणि कोर्टकचेरीपासून शिक्षणापर्यंत सगळी वाट त्या शहराकडे जात असे. सासूबाईंच्या वडिलांच्या काळातल्या काही आठवणी निघतील, त्यासाठी एक वेगळा दिवस ठेवता आला तर फार चांगले होईल.

मधुमेहाबाबत एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. औषध घेतल्यानंतर जेवणाला उशीर होऊ देऊ नका. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे घरची धपाटी आणि चटणी मुक्कामाच्या ठिकाणी सकाळी खाऊन निघा. आजारी व्यक्तीसाठी थोडा खाऊ नेता येईल का, हे तिकीट काढण्याआधी दूरध्वनीवर विचारून ठेवा. साखरेच्या पुड्या आणि औषधे पर्समध्ये हाताशी असू द्या. दुपारचे जेवण गर्दीच्या आधी, बाराच्या सुमारास उरका. साहसदृश्यांच्या कार्यक्रमात स्फोटांचे मोठे आवाज होतात. त्याची त्यांना आधीच कल्पना द्या आणि शक्य तो मागच्या रांगेत बसा.

प्रश्न : आमचा ८ वर्षांचा मुलगा सिनेमातले राजवाडे खरे मानतो. तिथे गेल्यावर ते प्लॅस्टरचे आहेत हे कळून त्याचा हिरमोड होईल का? तसे असेल तर त्याला सांगावे की लपवावे?
— एक पालक, लातूर

उत्तर : लपवू नका, उलट दाखवा. माझ्या दृष्टीने सगळ्या सहलीतला सर्वांत मोलाचा भाग तोच आहे.

मुलाला दगडी दिसणाऱ्या एखाद्या खांबापाशी घेऊन जा आणि बोटाच्या पेराने टकटक करायला सांगा. आतून पोकळ आवाज येतो. मग त्याच इमारतीला वळसा घालून मागे न्या, जिथे जायला मोकळीक असेल तिथे. पुढून महाल, मागून लोखंडी पाइप आणि लाकडी फळ्या. एकाच इमारतीची एक बाजू विमानतळाची तर दुसरी इस्पितळाची केलेली असते, कारण कॅमेऱ्याला चौकटीत येईल तेवढेच दिसते. माझा पुतण्या हे पाहून हिरमुसला नाही. तो त्या खांबाभोवती तीनदा फिरला आणि मग त्याने विचारले, "काका, हे पाऊस पडल्यावर वितळत नाही का?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्लॅस्टर, फायबर आणि रंगाचे थर यांविषयी आम्ही दोघेही बरेच काही शिकलो.

चित्रपट कसा घडतो हे दाखवणारा तिथला कार्यक्रम चुकवू नका. प्रेक्षकांपैकीच एखाद्या व्यक्तीला स्थिर टांग्यावर बसवून अभिनय करवतात, नंतर त्याच दृश्यामागे धावणारा रस्ता आणि आवाज जोडून सर्वांना पडद्यावर दाखवतात. मागचा पडदा हिरवा किंवा निळा का असतो, हे घरूनच सांगून न्या. माणसाच्या त्वचेत हे दोन रंग सर्वांत कमी असतात, त्यामुळे संगणकाला मागचा रंग काढून टाकताना चेहरा अबाधित ठेवता येतो. घोड्याच्या टापांचा आवाज दोन करवंट्या एकमेकींवर वाजवून काढतात, तो प्रयोग तर लातूरला घरच्या फरशीवरही करता येईल.

हे सांगताना दादासाहेब फाळके यांचे नाव जरूर घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या माणसाने १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा त्यांच्या हाती ना असे नगर होते ना संगणक, आणि तारामतीची भूमिकाही अण्णा साळुंके या पुरुषाला करावी लागली. मोठी रंगीत नगरी पाहिल्यावर हे ऐकताना मुलाला त्यातले कष्ट अधिक चांगले उमगतील.

प्रश्न : मुलांना चित्तथरारक पाळण्यांत बसायचे आहे. त्यासाठी हैदराबाद बरे की खोपोलीचे इमॅजिका?
— एक वाचक, बीड

उत्तर : निव्वळ पाळण्यांसाठी जायचे असेल तर इमॅजिका. २०१३ मध्ये सुरू झालेले हे उद्यान मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाजवळ आहे आणि बीडहून पुण्यामार्गे जाणे सोयीचे पडते. रामोजी फिल्म सिटीतही मुलांचे पाळणे आहेत, परंतु तिथले खरे आकर्षण चित्रपटसृष्टी हेच आहे. वेगवान पाळण्यांना कमीत कमी उंचीची अट असते आणि ती पाळण्यागणिक वेगळी असते. निघण्यापूर्वी मुलांना चप्पल-बूट काढून भिंतीला उभे करा, उंची मोजा आणि त्या अटींशी ताडून पाहा. धाकट्याची उंची दोन सेंटिमीटर कमी भरत असेल, तर ते त्याला घरीच सांगा, तासभर रांगेत उभे राहिल्यानंतर नव्हे.