संत्र्याच्या राखणीसाठी ड्रोन घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे की, अंबिया बहाराची संत्री आणि विहिरीवरच्या मोटारीची केबल वारंवार चोरीला जात असल्यामुळे वरुड भागातील आपल्या शेतकरी गटाने राखणीसाठी ड्रोन घ्यावा का, आणि धुऱ्यालगत घर असलेल्या कुटुंबाने त्याला घेतलेल्या हरकतीत काही तथ्य आहे का. तथ्य आहे, हे आधीच सांगतो, आणि तेही स्वतःच्या अनुभवावरून.

आमच्या गटाने असाच एक ड्रोन घेतला होता. पहिल्याच आठवड्यात, तो उडवणाऱ्या मुलाने पांदणीवरून बागेकडे नेताना कॅमेरा चालू ठेवला. संध्याकाळी चित्रीकरण पाहताना गावाच्या टोकाच्या एका घरामागची तुराट्यांची न्हाणी पडद्यावर आली. आत कोणी नव्हते, हे आमचे नशीब. पण दोरीवरचे लुगडे आणि शेजारच्या चुलीवर चढवलेला पाण्याचा गंज स्वच्छ दिसत होता. आपल्याकडचे सगळे आडोसे उभ्या माणसाच्या नजरेच्या हिशेबाने बांधलेले असतात. वरून कोणी पाहील, हे गृहीत धरून न्हाणीवर छप्पर कोणी घातलेले नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून निजणाऱ्या घरांचेही तेच.

ड्रोन नियम, २०२१ प्रामुख्याने उड्डाणाचे आहेत. २५० ग्रॅम ते दोन किलोंचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात मोडतो. त्याची नोंदणी करावी लागते आणि हरित क्षेत्रात, म्हणजे सरकारी नकाशावर ड्रोनसाठी मोकळ्या दाखवलेल्या भागात, ४०० फुटांपर्यंत तो परवानगीशिवाय उडवता येतो. मात्र उड्डाण नियमात बसले म्हणून चित्रीकरणही बसते, असे नव्हे. खासगी स्थितीतील स्त्रीचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीलाच एक ते तीन वर्षांची शिक्षा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे.

स्वामित्व योजनेत गावठाणांवरून ड्रोन फिरले, तेव्हा लोकांनी स्वतः चुन्याच्या रेषा आखून हद्दी दाखवल्या, याकडे आपल्या गटातील काही जण बोट दाखवतील. ते मोजणीचे काम होते, आगाऊ सूचना देऊन केलेले. रोज रात्री फिरणाऱ्या कॅमेऱ्याशी त्याची तुलना होत नाही.

उपयोगाविषयीही स्पष्ट लिहितो. एका बॅटरीवर आमचा ड्रोन जेमतेम २५ मिनिटे टिकतो, साध्या कॅमेऱ्याला अंधारात काही दिसत नाही, आणि उष्णता टिपणारा महागडा कॅमेरा लावला तरी संत्र्याच्या दाट पानोऱ्याखाली बसलेला माणूस त्यातून सुटतो. त्यामुळे जागल सुटत नाही. कुत्री भुंकली की पलीकडच्या धुऱ्यापर्यंत नजर टाकायला तो बरा पडतो, इतकेच. रोही (नीलगाय) आहे की माणूस, हे तेवढ्यात कळते.

घ्यायचाच असेल, तर बागेतूनच उडवावा व बागेतच उतरवावा, गावठाणाच्या बाजूला कॅमेरा वळवू नये आणि ही वाट ग्रामसभेत सर्वांसमोर सांगावी. हरकत घेणाऱ्या घरातील बायांना एकदा बागेत बोलावून पडद्यावर नेमके काय दिसते ते दाखवावे. मेमरी कार्ड उडवणाऱ्या मुलाच्या खिशात राहू देऊ नये. आमच्याकडे ते गटाच्या कपाटात असते आणि चोरी झाली नसेल, तर आठवड्याने दोघांसमक्ष पुसले जाते.