'थ्री नॉट थ्री'मधला 'नॉट' कुठला?

प्रश्न असा आलाय की जुन्या पोलिसांच्या तोंडी त्यांच्या रायफलीसाठी "थ्री नॉट थ्री" असतं त्यातला 'नॉट' म्हणजे 'नाही' की दोरीची गाठ, आणि हे कंपनीचं नाव आहे का.

यातलं काहीच नाही. हा 'नॉट' म्हणजे शून्य. ब्रिटिश इंग्रजीत शून्याला हा जुना शब्द आहे, उच्चार जरा लांबवतात. इंग्रजीत तिन्हींची स्पेलिंग वेगळी, देवनागरीत लिहिलं की तिन्ही 'नॉट', घोळ तिथेच होतो. तर तीन-शून्य-तीन, म्हणजे .३०३ इंच, नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये साधारण ७.७. नळीत आतून पीळदार खाचा पाडलेल्या असतात ('रायफल' हे नावही त्या खाचांवरूनच आलंय) आणि हे माप खाचांमधल्या उंचवट्यांच्या आतून घेतलेलं आहे, म्हणून गोळी प्रत्यक्षात त्याहून जाड असते, .३११ इंचाच्या आसपास, तरच ती खाचांत रुतते आणि गरगर फिरत बाहेर पडते.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग अमेरिकेचा आहे. त्यांच्या स्प्रिंगफील्ड रायफलीचं काडतूस .३०-०६, ते लोक वाचतात "थर्टी ऑट सिक्स". हा 'ऑट' म्हणजे आपला 'नॉट'च! "अ नॉट" भरभर म्हणताना लोकांनी त्याची फोड "अ‍ॅन ऑट" अशी केली आणि 'न' मागच्या शब्दाला जाऊन चिकटला. मात्र तिथला ०६ हे माप नाही, ते १९०६ साल आहे. आकडे दिसायला सारखे, अर्थ पूर्ण वेगळा.

आता बंदुकीबद्दल. खरं तर ३०३ हे काडतुसाचं माप, रायफलीचं नाव ली-एनफिल्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) यांची रचना त्याची, आणि एनफिल्ड म्हणजे लंडनच्या उत्तरेचं गाव, तिथे सरकारी कारखाना होता. आधी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आली, पण कॉर्डाइट हे नवं स्फोटक वापरायला लागल्यावर तिच्या उथळ खाचा लवकर झिजायला लागल्या म्हणून एनफिल्डच्या खोल खाचा घेतल्या आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड झाली. १० गोळ्यांचं मॅगझिन, दांडी वर उचलायची मागे ओढायची की रिकामी पुंगळी बाहेर, पुढे ढकलली की पुढची गोळी आत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढलेल्या मराठा पलटणींच्या हातात ३०३च होती, आणि हेही लिहायलाच हवं की १९१९ मध्ये जालियनवाला बागेत निःशस्त्र लोकांवर ज्या १६५० गोळ्या झाडल्या त्याही ३०३च्याच.

बरेच जण १८५७ च्या "एनफिल्ड"शी हिची गल्लत करतात. ती वेगळी, १८५३ च्या नमुन्याची, .५७७ इंची, तोंडाकडून ठासायची आणि तिचं काडतूस कागदी, म्हणून तर ते दाताने तोडायचा प्रश्न आला. ३०३ चं काडतूस पितळी, दाताचा काही संबंधच नाही. गाव एक, बंदुका दोन.

मराठीत लिंग मात्र पक्कं आहे, ती थ्री नॉट थ्री, बंदूक आणि रायफल स्त्रीलिंगी म्हणून. २००८ च्या मुंबई हल्ल्यात सीएसटीवर पोलिसांकडे हीच होती त्यामुळे नाव पुन्हा घरोघरी पोचलं. पण दिसायला तशी प्रत्येक रायफल थ्री नॉट थ्री नसते. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात याच घडणीची ७.६२ मिमीची रायफल बनली, तिचं मॅगझिन १२ गोळ्यांचं आणि जास्त चौकोनी, तिला लोक सवयीने थ्री नॉट थ्री म्हणतात ते चूक आहे, तिच्यात ३०३ चं काडतूस बसतच नाही.