शेडचा दर किलोवर ठरवावा का?

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेलगत १५ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब असे पॅकहाउसचे लोखंडी शेड उभारायचे असून त्याची एक लांब बाजू माल आणणाऱ्या गाड्यांसाठी उघडी राहील. नाशिकच्या दोन फॅब्रिकेटरांनी किलोमागे दिलेल्या दरांत बराच फरक आहे. कमी दराचे काम घ्यावे का? — एक बागायतदार

उत्तर : किलोचा दर हा अर्धाच हिशेब आहे, शेडला एकूण किती किलो लोखंड लागणार, हे कळल्याशिवाय दोन दरपत्रकांची तुलना होत नाही. म्हणून दोघांकडूनही आधी डिझाइन आणि प्रत्येक भागाच्या वजनाची यादी मागवा. १० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर प्लेटचे वजन ७८.५ किलो भरते, एवढे ध्यानात ठेवले तरी यादी ताडून पाहता येईल. बिल ड्रॉइंगमधील वजनावर होणार की वजनकाट्यावर, तसेच बोल्ट, रंग, वाहतूक आणि क्रेन दरात धरले आहेत का, हेही लेखी घ्या.

डिझाइन आय. एस. ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार असावे. वाऱ्यासाठी आय. एस. ८७५ चा तिसरा भाग लागू होतो व त्यात नाशिकसाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर, दिला आहे. तुमच्या शेडची एक बाजू उघडी असल्याने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण आत शिरलेला वारा छताला खालून उचलतो आणि पर्लिन (छताचे पत्रे ज्यांवर बसवतात ते आडवे लोखंडी वासे), पत्र्याचे स्क्रू व पायातील बोल्ट यांच्यावर उलटा ताण येतो. केवळ पत्र्याचे वजन पेलण्याचा विचार करून बांधलेली शेडे इथेच फसतात.

कारखान्यात स्वतः जा, आणि तेही रंग लावण्यापूर्वी. प्लेटवर उमटवलेला हीट नंबर, म्हणजे ते लोखंड ज्या ओतीतून आले तिचा क्रमांक, मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळतो का ते पाहा. गंज न काढता त्यावरच रेड ऑक्साइड फासलेले दिसले, तर बाकीची चौकशी करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. पॅकहाउसमध्ये धुण्याचे पाणी सतत असल्याने शक्य असल्यास गॅल्व्हनायझिंग, म्हणजे जस्ताचा थर, करून घ्या. मात्र पोकळ पाइपांना वितळलेल्या जस्तात बुडवण्यापूर्वी हवा जाण्याची भोके हवीत, आणि साइटवरचे जोड वेल्डिंगचे न ठेवता बोल्टचे ठेवावेत, नाहीतर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जाते.

पायाचे बोल्ट मात्र बहुतेक वेळा कोणाच्याच खात्यात नसतात. माझ्या देखरेखीखालील एका कामात ते १२ मिलिमीटर सरकले होते, तेव्हा कामगारांनी बेस प्लेटची, म्हणजे खांबाच्या तळाच्या प्लेटची, भोके गॅस कटरने वाढवली आणि पुढे सगळ्या प्लेट बदलाव्या लागल्या. बोल्टचा पत्र्याचा साचा फॅब्रिकेटरने द्यायचा व काँक्रीट ओतण्यापूर्वी त्याच्याच माणसाने माप तपासायचे, ही अट करारात घाला.